कामगार ‘परचेस’मधून येतात आणि आपण स्ट्रॅटेजीवर बोलतो

पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव आणि रांजणगाव पट्ट्यातल्या कारखान्यांच्या एचआर प्रमुखांना आणि प्लांट हेडना खुले पत्र

स.न.वि.वि.

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडे पुढच्या वर्षाचं मनुष्यबळ ठरतं. ते कसं ठरतं, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. हेड ऑफिसकडून ‘हेडकाउंट फ्रीझ’चा, म्हणजे माणसं वाढवू नका असा, मेल येतो आणि त्याच आठवड्यात उत्पादनाचं वाढीव टार्गेटही येतं. मग प्लांट हेड, फायनान्स आणि परचेस (खरेदी विभाग) एकत्र बसतात. लेबर कॉन्ट्रॅक्टरांचे दर मागवले जातात, सर्व्हिस चार्ज किती टक्के यावर घासाघीस होते, पीओ (खरेदीची ऑर्डर) निघते. एचआरकडे कागद येतो तो लायसन्स, पीएफचं चलन आणि गेटपास तपासायला. तोवर माणसं कुठून येणार, किती महिने राहणार, काय शिकणार आणि कधी जाणार हे सगळं ठरून गेलेलं असतं. त्यानंतर त्याच एचआर विभागातली मंडळी लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये दोन दिवसांच्या कार्यशाळेला जातात. विषय असतो स्ट्रॅटेजिक एचआर, म्हणजे धंद्याच्या दिशेशी माणसांची आखणी जोडणं.

मी या पट्ट्यात पर्सोनेल आणि आयआरमध्ये (कामगार-युनियनशी संबंध सांभाळणाऱ्या विभागात) नोकरी केली. आता संध्याकाळच्या वर्गात सुपरवायझर आणि नव्या एचआरवाल्यांना हाच विषय शिकवतो, तेव्हा पत्रात मधूनमधून मास्तर डोकावेल, सांभाळून घ्या. माझं म्हणणं थोडक्यात असं: कोणाला आपलं माणूस मानायचं आणि कोणाला नाही, हा कारखान्यातला सगळ्यात मोठा मनुष्यबळाचा निर्णय. तोच आपण हातचा सोडला आहे, आणि जे उरलं त्यावर अप्रेझल (कामाचं मूल्यमापन), एंगेजमेंट सर्व्हे (कामात मन किती लागतं याची पाहणी) आणि टॅलेंट रिव्ह्यूचा डोलारा उभा केला आहे.

या विषयातले मोठे वाद चाळीसेक वर्षांचे आहेत. १९८४ साली अमेरिकेत दोन मांडण्या पुढे आल्या. मिशिगनची मंडळी म्हणाली, आधी धंद्याची दिशा ठरवा, मग त्या दिशेला साजेशी माणसं निवडा, त्यांचं काम मोजा, मोबदला द्या, घडवा. हार्वर्डची मंडळी म्हणाली, इतकं सोपं नाही. कामगार, युनियन, सरकार, आजूबाजूची वस्ती या सगळ्यांचे हितसंबंध त्यात आहेत, आणि निर्णयाचा परिणाम बराच पुढे जाऊन दिसतो. पहिल्या वाटेला पुढे ‘हार्ड’ म्हणायला लागले, दुसरीला ‘सॉफ्ट’. ब्रिटनमध्ये कॅरन लेग यांच्यासारख्या अभ्यासकांनी नंतर बोट ठेवलं ते असं, की कंपन्यांची भाषा सॉफ्ट असते आणि वागणूक हार्ड.

आपल्याकडे दोन्ही वाटा एकाच शेडमध्ये नांदतात. असेंब्ली लाइनवर शेजारी शेजारी दोघं उभे आहेत. टॉर्क गन तीच, सायकल टाइम तोच. एकाच्या शर्टाचा रंग वेगळा. त्याला वेतन करार, मेडिक्लेम, मुलाच्या दहावीच्या निकालावर बक्षीस, दिवाळीला भेटवस्तू. दुसऱ्याला ठेकेदाराचं कार्ड, आणि सहा-सात महिन्यांनी ब्रेक, म्हणजे कामावरून कमी करणं. एंगेजमेंट सर्व्हेचा फॉर्म पहिल्यालाच मिळतो. मग ‘आमचा एंगेजमेंट स्कोअर सुधारला’ अशी स्लाइड तयार होते. लाइनवरच्या अर्ध्या माणसांना कोणी विचारलेलंच नसतं.

हा एखाद्या कंपनीचा दोष नाही. देशभरच्या कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत शतक बदललं तेव्हा साधारण पाच कामगारांतला एक ठेकेदारामार्फत आलेला होता. आता पाचांतले दोन असतात. आपल्या पट्ट्यातल्या काही शेडमध्ये हा आकडा ऐकून लोक हसतील, इतका तो कमी वाटेल.

एक गोष्ट जाता जाता. परदेशी नावं घेतली म्हणून हा विषय परदेशातून आला असं समजू नका. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने १९७४ च्या सुमारास आपल्या अधिकाऱ्यांच्या अप्रेझलचं काय करावं हे अहमदाबादच्या आयआयएममधल्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना विचारलं. त्यांनी नुसता फॉर्म बदलून दिला नाही. मनुष्यबळ विकासाची अख्खी व्यवस्था मांडली, आणि १९७५ मध्ये तिथे स्वतंत्र एचआरडी विभाग उभा राहिला. हार्वर्ड-मिशिगनच्या नऊ वर्षं आधी. आपल्या एमबीएच्या वर्गात मात्र सुरुवात १९८४ पासूनच होते, अगदी माझ्याही.

आता दुसरा वाद, जो व्यवस्थापकांना सगळ्यात जास्त भुरळ घालतो. चांगल्या एचआर पद्धती सगळीकडे चालतात, की प्रत्येक धंद्याला वेगळ्या लागतात? १९९५ साली मार्क ह्युसेलिड यांनी अमेरिकेतल्या ९६८ कंपन्यांची माहिती तपासली. नीट निवड, प्रशिक्षण, कामगिरीशी जोडलेला मोबदला, सहभाग अशा पद्धती एकत्र राबवणाऱ्या कंपन्यांत माणसं कमी सोडून जातात आणि माणशी विक्री जास्त असते, असं त्यांना दिसलं. जगभरच्या एचआरवाल्यांना हर्ष झाला. अखेर फायनान्सच्या भाषेत बोलायला आकडा मिळाला!

त्या आकड्यावर पुढे बरीच कुरकुर झाली, आणि ती रास्त होती. एका कंपनीची माहिती एकाच माणसाने भरलेली. शिवाय पद्धती चांगल्या म्हणून नफा, की नफा आहे म्हणून चांगल्या पद्धती परवडतात? पॅट्रिक राइट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आधीची कामगिरी हिशेबात धरून पाहिली, तेव्हा पद्धतींचा पुढच्या कामगिरीशी असलेला संबंध जवळजवळ विरून गेला. याचा अर्थ एचआर निरुपयोगी असा नाही. पण ‘अमुक स्कीम आणली की उत्पादकता वाढते’ असं सांगायला एखादा सल्लागार आला, तर त्याला एवढंच विचारा: ज्या कंपन्यांचं उदाहरण देताय, त्यांची बॅलन्स शीट स्कीमच्या आधी कशी होती?

बेस्ट प्रॅक्टिसची, म्हणजे सगळीकडे चालतात म्हटल्या जाणाऱ्या पद्धतींची, सगळ्यात गाजलेली कथा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची. जनरल मोटर्सचा तो कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता, १९८२ मध्ये बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत ‘नुमी’ या नावाने तो पुन्हा उघडला. युनियन तीच आणि कामगारही बहुतेक तेच, तरी गुणवत्ता कितीतरी सुधारली. आपल्याकडचे व्यवस्थापक ही कथा ऐकतात आणि अँडॉन कॉर्ड (लाइन थांबवायची दोरी), कायझेन (सततच्या छोट्या सुधारणा), टीम लीडर एवढंच उचलतात. मधला तुकडा गाळतात: मंदीतही माणूस काढणार नाही असा शब्द कंपनीने दिला होता. १९८८ च्या सुमारास मागणी घसरली तेव्हा तो पाळलाही. रिकामे हात प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामाला लावले. लाइन थांबवायची दोरी ओढायला कामगार धजावतो, कारण उद्या आपण इथेच असणार हे त्याला ठाऊक असतं. ब्रेकची तारीख ठरलेल्या पोराने दोरी का ओढावी? पुढे जनरल मोटर्सने हीच पद्धत आपल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात लावून पाहिली. तिथे ती रुजली नाही. आणि खुद्द टोयोटाला बंगळूरजवळच्या बिडदीत २००६, २०१४ आणि २०२० मध्ये लॉकआउटपर्यंत जावं लागलं. कंपनी तीच, पद्धती त्याच. मग दोष पद्धतीचा की मातीचा? मला विचाराल तर दोरी सगळे आणतात, शब्द कोणी आणत नाही.

आपल्या दारातलं उदाहरण बजाज ऑटोच्या चाकणच्या संपाचं. २५ जून २०१३ ला सुरू झाला, ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालला. त्यातली एक मागणी अशी होती की कामगाराला कंपनीचे ५०० शेअर प्रत्येकी १ रुपयाने द्या. वर्तमानपत्रांत तिची थट्टा झाली, कंपनीने ती साफ नाकारली, आणि संप काही पदरात न पडता मिटला. मी वर्गात गंमत करतो. जेफ्री फेफर हे बेस्ट प्रॅक्टिसवाल्यांचे मोठे नाव. त्यांच्या १९९४ च्या सोळा पद्धतींच्या यादीत ‘कर्मचाऱ्यांची मालकी’ आहे. फळ्यावर यादी लिहिली की सगळे मान डोलावतात. मग चाकणची मागणी सांगितली की तेच विद्यार्थी म्हणतात, सर, असं कुठे असतं का! मागणी योग्य होती असं माझं मत नाही. १ रुपयाचा भाव हा सरळ सौदेबाजीचा आकडा होता. पण कंपनीच्या वाढत्या किमतीत कामगाराचा वाटा काय, हा प्रश्न खराखुरा स्ट्रॅटेजिक होता, आणि तो पुस्तकातून न येता गेटवरून आला. गेटवरून आला की तो आयआरचा ‘प्रॉब्लेम’ होतो. त्याच मंडळींच्या ऑफिसात सीनिअर मॅनेजरला ‘इसॉप’ (कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क) मिळतो तेव्हा त्याचं नाव रिटेन्शन, म्हणजे माणूस टिकवणं, असतं.

आता ज्या सिद्धांताच्या आडोशाने आपण कंत्राटीकरण करतो त्याकडे येतो. जे बार्नी यांनी १९९१ मध्ये मांडलं की टिकाऊ आघाडी अशाच साधनातून मिळते जे मोलाचं, दुर्मीळ आणि नक्कल करायला अवघड असेल. मशिन कोणीही विकत घेतं. घडलेली माणसं विकत घेता येत नाहीत. त्यावरून १९९९ मध्ये लेपॅक आणि स्नेल यांनी चार खाने पाडले: जे कौशल्य मोलाचं आणि खास, ते घरात घडवा, जे ना मोलाचं ना खास, ते कंत्राटावर घ्या. मांडणी देखणी आहे. हेड ऑफिसला ती फार आवडते, कारण कुठला माणूस कुठल्या खान्यात बसतो हे हेड ऑफिसच ठरवतं. लेथजवळ उभं राहून ते ठरवलं जात नाही.

एका कारखान्यातला अनुभव सांगतो. प्रेशर डाय कास्टिंगचं काम, म्हणजे वितळलेला धातू डायमध्ये (साच्यात) दाबाने भरणं, पुढे लीक टेस्टिंग. या दोन्ही कामांना ‘अनस्किल्ड’चा शिक्का होता, म्हणून सगळी माणसं ठेकेदाराची. सात महिन्यांनी बॅच बदलायची. प्रत्येक बदलानंतर काही आठवडे रिजेक्शन (बाद होणाऱ्या पार्टचं प्रमाण) वर जायचं आणि हळूहळू खाली यायचं. क्वालिटीवाले मेटलचं तापमान तपासायचे, डाय उतरवायचे, मेंटेनन्सवर खापर फोडायचे. डाय किती गरम झाली हे नुसत्या आवाजावरून आणि स्प्रेच्या वाफेवरून ओळखणारा पोरगा ब्रेकवर गावी गेला आहे, हे कुठल्याच फिशबोन डायग्रॅममध्ये (दोषाची कारणं मांडायच्या आकृतीत) लिहिलेलं नव्हतं. ब्रेकचं रजिस्टर एचआरकडे, रिजेक्शनचा चार्ट क्वालिटीकडे. दोन टेबलांत मोजून एक काचेचं पार्टिशन.

हा पोरगा लेपॅक-स्नेलच्या कुठल्या खान्यात बसवायचा? आणि तो त्या खान्यात बसतो हे सांगणार कोण?

याच पिंपरीत हा प्रश्न एकदा उलटा सोडवला गेला होता. सुमंत मुळगावकरांनी १९६० च्या दशकात टेल्कोचं (पुढची टाटा मोटर्स) पुण्याचं काम सुरू केलं तेव्हा इथून गाड्या बाहेर पडायच्या कितीतरी आधी प्रशिक्षण विभाग उभा केला, टूल रूम उभी केली. पोरांना फायलिंग करत बसवलं. त्या पिढीतले कितीतरी जण पुढे भोसरीत स्वतःचं शेड टाकून बसले आणि आज आपल्यालाच पार्ट पुरवतात. तेव्हा कोणी याला स्ट्रॅटेजिक एचआर म्हटलं नाही. ‘टेल्कोत अप्रेंटिस आहे’ एवढं मात्र मुलगी द्यायला पुरेसं असे.

ब्रेक मुळात का द्यायचा, हे नव्या एचआरवाल्यांना विचारून पाहा. ‘सिस्टीम आहे सर’ असं उत्तर येतं. सिस्टीम २४० दिवसांच्या भीतीतून आली. आपल्या राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत ४-सी हे कलम होतं: बारा महिन्यांत २४० दिवस अखंड काम केलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करा. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने आणखी पुढे जाऊन सांगितलं की कायमपणाचे फायदे मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. कायदा म्हणाला, माणूस मुरला की त्याला आपलं म्हणा. आपण ऐकलं, माणूस मुरायच्या आत त्याला काढा. मग ठेकेदार आला. २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत नाहीत. तेव्हा ठेकेदार आणखी पक्का झाला. मग तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) ‘नीम’ ही प्रशिक्षणार्थी योजना आली, आणि कामगाराचा ट्रेनी झाला; पगाराचं स्टायपेंड झालं. तीही गेली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. सुरक्षितता आणि आरोग्याच्या संहितेत मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे आणि त्या मनाईला अपवादही आहेत: ते काम एरवीही ठेकेदाराकडूनच होत असेल, पूर्णवेळ माणूस लागत नसेल, किंवा काम अचानक वाढलं असेल तर चालेल. मुदतीच्या नोकरीवर थेट घेतलेल्या माणसाला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. कामगार कपात करायला आणि कारखाना बंद करायला लागणाऱ्या सरकारी परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली आहे. आपले लीगल सल्लागार यातल्या कुठल्या अपवादात आपला कारखाना बसतो हे शोधायला लागलेही असतील. त्यांचं ते कामच आहे. आपलं काम वेगळं आहे. ‘लवचीकता हवी म्हणून ठेकेदार’ हे कारण थेट मुदतीच्या नोकरीचा रस्ता मोकळा असताना पूर्वीइतकं पटण्याजोगं राहिलेलं नाही. काम कमी-जास्त होतं हे मान्य. मग माणूस थेट घ्या, मुदत लिहून द्या, शिकवा आणि पुढच्या वेळी त्यालाच आधी बोलवा.

इथे आपण म्हणाल, साहेब, तुम्हाला बोलायला काय जातं. मोठी कंपनी आपल्या व्हेंडरकडून दरवर्षी पार्टचा भाव खाली मागते. शेड्यूल महिन्याच्या मध्यावर बदलतं. टिअर-टूचा, म्हणजे व्हेंडरला पार्ट पुरवणाऱ्या छोट्या कारखान्याचा, मालक पगाराच्या दिवशी बँकेत ओव्हरड्राफ्टची विनवणी करत असतो. त्याला बार्नी आणि हार्वर्ड सांगून काय उपयोग? हा आक्षेप खरा आहे आणि माझ्याकडे त्याला पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की मग तो भाव खाली मागणाऱ्या कंपनीचा एचआर प्रमुख आपल्या परचेसच्या टेबलावर कधी बसला आहे का, हे पाहायला हवं. व्हेंडरच्या शेडमधला पगार त्या टेबलावर ठरतो. मोठ्या कंपनीची मनुष्यबळाची स्ट्रॅटेजी तिच्या गेटवर संपत नाही, ती भोसरीच्या गाळ्यापर्यंत जाते. म्हणून हे पत्र आधी मोठ्यांना आहे.

डेव्ह उलरिच यांनी १९९७ मध्ये एचआरच्या चार भूमिका सांगितल्या. स्ट्रॅटेजिक पार्टनर, बदल घडवणारा, कारभार चोख ठेवणारा आणि कामगारांची बाजू मांडणारा. आपल्याकडे पहिलीचं व्हिजिटिंग कार्ड छापलं गेलं. आता कॉलेजातून निघालेला पोरगाही ‘एचआर बिझनेस पार्टनर’ असतो. तिसरी सॉफ्टवेअरला आणि ठेकेदाराला दिली. चौथी कोणी घेतली? वेल्फेअर ऑफिसरने घ्यावी अशी कायद्याची अपेक्षा होती. फॅक्टरी ॲक्टमध्ये ५०० कामगार असले की तो सक्तीचा होता, नव्या संहितेत २५० ला आहे. प्रत्यक्षात तो बसच्या रूट आणि कँटीनच्या पोह्यात अडकलेला असतो, आणि ठेकेदाराच्या माणसांची तक्रार ऐकायची की नाही हेच त्याला ठाऊक नसतं. ऐकली तर ‘मूळ मालक आपणच’ असा पुरावा होईल, असं लीगलने सांगितलेलं असतं. मग ती तक्रार ऐकतं कोण? संध्याकाळी चहाच्या टपरीवर जो ऐकतो तो.

हरियाणातल्या मानेसरला मारुतीच्या कारखान्यात १८ जुलै २०१२ रोजी जो हिंसाचार झाला त्यात कंपनीच्या एचआरच्या जनरल मॅनेजरचा जीव गेला. त्या हिंसेचं समर्थन होऊच शकत नाही. त्यानंतर कंपनीने उत्पादनात ठेकेदारामार्फत माणसं घेणं थांबवून थेट, पण तात्पुरती, भरती सुरू केली. एवढ्यासाठी त्या दिवसाची वाट पाहावी लागायला नको होती.

लिसा निशी आणि सहकाऱ्यांचा २००८ चा एक अभ्यास मला फार उपयोगी वाटतो. कंपनी एखादी पद्धत राबवते, यापेक्षा ती का राबवते असं कामगाराला वाटतं, यावर त्याचं मन ठरतं. आमच्या भल्यासाठी, कामाच्या दर्जासाठी असं वाटलं तर वेगळं; खर्च वाचवायला आणि आम्हाला पिळायला असं वाटलं तर वेगळं. ट्रेनिंगचं बॅनर लावलं तरी ब्रेकची तारीख ठरलेल्या पोराला त्याचा अर्थ काय लागतो, हे मी सांगायला नको.

मोठ्या लिस्टेड कंपन्यांना आता सेबीच्या ‘बीआरएसआर’ (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवालात कायम आणि ‘कायम सोडून इतर’ असे दोन्ही आकडे द्यावे लागतात. आपल्या कंपनीचा अहवाल एकदा उघडून तो तक्ता बघा. मग खाली गळतीच्या दराचा तक्ता बघा. तिथे फक्त कायम माणसांचा दर विचारलेला आहे. म्हणजे जिथून माणसं सगळ्यात जास्त जातात तिथला आकडा कोणी मागतच नाही. आपण तो स्वतःहून काढू शकता. ठेकेदारांच्या हजेरीपटात तो पडून आहे.

तेव्हा येत्या बजेटला तीन गोष्टी करून पाहाव्यात अशी विनंती आहे. ठेकेदाराचे दर ठरतात त्या बैठकीत एचआर प्रमुखाने बसावं, आणि दर सोडून फक्त एकच प्रश्न विचारावा: हे काम यायला नव्या माणसाला किती दिवस लागतात? लाइनवरच्या सुपरवायझरला त्याचं उत्तर पाठ असतं. दुसरं, पुढचा एंगेजमेंट सर्व्हे करायचाच असेल तर दोन्ही रंगांच्या शर्टांना द्या, नाहीतर तो खर्च वाचवा. आणि तिसरं, ब्रेकचं रजिस्टर आणि रिजेक्शनचा चार्ट एका टेबलावर, मागच्या दोन वर्षांचा, महिन्यामागे महिना असा मांडून बघा. आपल्याकडे दोन्ही आहेत, एका दुपारचं काम आहे. आकडे माझ्या म्हणण्याच्या उलट निघाले तर जरूर कळवा. कारखान्याचं नाव न घेता मी ते वर्गात शिकवीन.

आपला,
एक निवृत्त पर्सोनेल अधिकारी, चिंचवड